खरं

भूतरामनहट्टीच्या माळावर, हायवेच्या आवाजात,
हिरेमठ मॅडम आम्हाला ऐकायला शिकवतात.
"माणूस 'पण' म्हणाला की पेन खाली ठेवा.
आधीचं सगळं तो तुमच्यासाठी बोलला,
'पण'नंतरचं स्वतःसाठी."
आम्ही अकरा जण ते वहीत उतरवून घेतो,
पेन खाली न ठेवता.

आई विचारते, खव्याची कढई ढवळत,
"वेड्यांचं शिकतीस व्हय?"
"ऐकायचं शिकतेय."
"त्याला दोन वर्षं लागतात?"

आमच्या खानापूरकडं 'पण'ला 'खरं' म्हणतात.
येतो म्हणाला, खरं आला नाही.
भात झालाय, खरं मीठ कमी आहे.
पुण्याच्या मावसबहिणी हसल्या होत्या,
म्हणून अकरावीत मी तो शब्द
एस्टीत डबा विसरावा तसा विसरले,
मुद्दाम.

बुधवारी सिव्हिल हॉस्पिटल.
खोली नंबर चौदा, अर्धी सलाईनच्या खोक्यांनी भरलेली.
परशराम ढवळी, वडगाव, वय अठ्ठ्याहत्तर.
माग विकून तीन वर्षं झाली.
"रात्री उठून बसतेत," मुलगी सांगते,
"आणि हात असे करतेत."
ती हवेत धोटा फेकून दाखवते,
इकडून तिकडं, तिकडून इकडं.
ते तिच्या हाताकडं बघतात,
फेक चुकली असं त्यांना वाटत असावं.

फॉर्म इंग्रजीत. भिंतीवरची पाटी कन्नडात.
मी मराठीत विचारते, शंभरातून सात वजा करा.
"तोंबत्तमूरु," ते म्हणतात. "एंबत्तारु."
सुताचा हिशेब ज्या भाषेत शिकले
त्या भाषेत वजाबाकी अजून शाबूत आहे.
मला उत्तर पडताळायला बोटं मोजावी लागतात.

आज वार कुठला? "बुधवार."
मजला कितवा? "खालचा. चढलो कुठं?"
आपण कुठल्या राज्यात आहोत?

ते पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघतात.
मग दाराकडं.
मुलगी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहते.
पुस्तकात या प्रश्नाला एक गुण आहे.
पुस्तक लिहिणाऱ्याचं गाव
बहुतेक कुठल्यातरी देशाच्या मधोमध असावं.

"सांगतो," ते म्हणाले, "खरं..."

मी पेन खाली ठेवलं.
पंखा फिरत होता. बाहेर कुणाच्यातरी नावाचा पुकारा झाला,
दोनदा, मग झाला नाही.

"चौथीत होतो तवा मुंबई होतं.
मग म्हैसूर झालं.
माझं लगीन झालं त्या वर्षी कर्नाटक.
तीनदा नाव बदललं बाळ, घर हाललं न्हाई.
खरं सुंद्रा गेली
आणि हाललं."

हात मांडीवर उताणे पडले होते.
ती समोर बसून कांड्या भरायची, म्हणाले.
रात्री धोटा सुटतो तो तिच्याकडं.
परत येत न्हाई म्हणून पुन्हा फेकायचा.

मी काहीच बोलले नाही.
शिकवलं होतं म्हणून नव्हे,
घसा भरला होता.

संध्याकाळी मॅडम फाईल चाळतात.
आमच्यात एरवी इंग्रजी चालतं,
घाईत कन्नड.
"मुंदे?" त्या विचारतात, पुढं काय,
आणि बोट एका रिकाम्या चौकटीवर थांबतं.
"राज्य सांगितलं नाही त्यांनी?
शून्य की एक?"

"सांगितलं मॅडम," मी म्हणते, "खरं..."

आठ वर्षांनी तोंडातून निघालेला तो शब्द
टेबलावर तसाच राहिला.
मॅडमनी माझ्याकडं बघितलं
आणि पेन खाली ठेवलं.
ते घरंगळत जाऊन
चहाच्या कपाला टेकलं.