बाराव्या महिन्याचा फोन

अर्जावर सात प्रश्न आहेत.
पहिला सोपा: रुग्ण हयात आहे का?
आज पंधरा फोन झाले.
नऊ घरांत हा पहिलाच प्रश्न शेवटचा ठरला.

सोळावा नंबर अशोक चौकामागचा.
नरसय्या गड्डम, माग कामगार, वय अठ्ठावन्न.
त्रेसष्ट दिवस व्हेंटिलेटर, गळ्याला भोक.

मला त्यांचे ओठ आठवतात,
आवाजाशिवाय रात्री दोनला हलणारे:
नीळ्ळु, नीळ्ळु.
मी बार्शीकडची. वाटलं, लेक असेल.
‘नीलू येईल हं सकाळी,’ म्हणत राहिले चार रात्री.
मग अंबव्वानं सांगितलं,
सिस्टर, पाणी मागतायत ते.
कळल्यावर तरी काय केलं,
ओला बोळा फिरवला ओठांवरून.
पाणी द्यायचं नव्हतंच.

ती जिन्याखाली सूप मांडीवर घेऊन विड्या वळायची.
डॉक्टरांनी आकडे सांगितले,
शंभरात इतके घरी जातात, वर्षभरात त्यातले इतके.
ती म्हणाली, साहेब,
हजारात छाट किती निघते ते मलाबी ठाऊक असतं.
कुठली विडी निघणार,
ते चेकरच्या हातात गेल्याशिवाय कळत नाही.

फोन उचलला जातो. मागं लूमचा खडखडाट.
हयात आहेत?
‘हायेत की.’
स्वतः जेवतात?
‘शेंगाचटणी मागतात. देत नाही. ठसका लागतो.’
हो की नाही, तेवढंच सांगा.
‘चमचा त्यांच्या हातात, त्यांचा हात माझ्या हातात.’
याला चौकट नाही.
चालतात?
‘मोरीपर्यंत.’
कामावर परतले?
ती हसते.
‘माग तर बिलातच गेला, सिस्टर.
पण शेजारचा लूम रात्री थांबला
की उठून बसतात. सूत तुटलं म्हणतात.’

सातवा प्रश्न मी नेहमी भरभर वाचते:
हे सगळं पुन्हा करायची वेळ आली, तर कराल?

लूम चालूच.
अंबव्वा बोलत नाही.
मी पेन धरून बसलेली.
मग फोन कशावर तरी घासतो,
आणि एक श्वास येतो,
कुणी मोजून न दिलेला,
मधेच अडणारा, उशिरा पोचणारा,
आणि बुजलेल्या भोकामागून फाटका आवाज:

‘कोण? नीलू का?’

हो, मी म्हणते.
पाणी प्यालात का?