तीनशे साठ मीटर गवत

दिगदाग्यात गवत आपलं आपण उगवत नाही.
ते उगवून घ्यावं लागतं,
रोज रात्री पाईप ओढून, वाळूशी हुज्जत घालून.
गुल रहीम तेवीस वर्षं ही हुज्जत घालतोय.
सगळं उंटांच्या चाऱ्यासाठी,
आणि गेले दोन हिवाळे कडेची एक पट्टी माझ्यासाठी:
लांबी तीनशे साठ, रुंदी अठरा,
टोकाला खजुरांची रांग.

खजूर मोजलेत मी. एकोणीस.
सातवा जरा बुटका आहे.
माझी वाट त्याच्या डोक्यावरून जाते.

वडील मोजणी खात्यात साखळी ओढायचे,
राजापूरच्या सड्यावर, काट्याकुट्यांतून.
कुणाचा बांध कुठं सरकला ते सांगायचे
आणि दोन्ही घरच्या शिव्या खाऊन जेवायला यायचे.
मी खोर ख्वैरला, सिमेंटच्या धुळीत,
गेजचे काटे शून्यावर आणतो.
आमच्या घरात कुणी अंदाजानं बोललेलं नाही.

हे विमान अकरा वर्षं गॅरेजात वाढलं.
चौदा हजार रिवेट,
त्यातले तीनशे उपटून पुन्हा मारलेले.
एक पंख हॉलमध्ये, सोफ्यामागे, उभा.
पाहुण्यांनी विचारलं की इंदुमती सांगायची,
इस्त्रीचं टेबल आहे.

आज पहाट. हजरच्या डोंगरामागं ऊन अडलेलं.
हवा अजून दाट आहे, वजन झेलेल अशी.
नऊनंतर हीच हवा पातळ ताक होते
आणि पंखाखालून सांडते.

गुल रहीम चपला काढून हातात घेतो
आणि पट्टीवरून चालत निघतो,
घाई नाही, कुणाला तरी झोपेतून न उठवता जावं तसा.
माझ्या खिशात ओलावा मोजायचं यंत्र, जर्मन,
मीच तपासून शिक्का मारलेलं.
यंत्र म्हणतं, चालेल.

दीडशेव्या मीटरला तो थांबतो.
टाच दाबतो. पुन्हा दाबतो.
"साब, इधर जमीन झूठ बोलता है."

मी यंत्र पुन्हा पाहतो.
आणि बसतो.
मोजणीदाराचा मुलगा आहे, काय करणार.

काठी पोटाशी. ऐंशी घोडे आधी खोकतात, मग सुटतात.
गवत चाकांना धरतं, सोडतं,
धरतं.
अर्ध्यावर चुना फासलेला टायर आहे.
तिथवर अठ्ठावीस नॉट नसतील तर हात मागे,
नियम मीच लिहून काचेला चिकटवलाय.
टायर आला.
काटा चोवीसवर.

चार नॉट म्हणजे काय,
पोराची सायकल.
हात मागे गेला. मी नेला असं म्हणणार नाही.

ओल्या गवतावर ब्रेक म्हणजे विनंती.
विनंती करत करत घसरलो,
आणि थांबलो तेव्हा
सातव्या खजुराच्या बुंध्यातला खिळा दिसत होता,
खिळ्याला टांगलेली व्हॉल्वची चावी,
चावीला बांधलेली निळी सुतळी.
वरून जाताना यातलं काही दिसत नाही.

गुल रहीम आला. बोलला नाही.
शेपटीला खांदा लावला, मी पंखाला.
विमान वळवून ढकलत परत आणलं,
जड झालं होतं, न उडलेलं.

मग मी बूट काढले. मोजेही.
सव्वीस वर्षं या मुलखात
माझ्या पायांना फरशी माहीत, कार्पेट माहीत,
लोखंडी टोपीचे सेफ्टी बूट माहीत.
गवत गार होतं आणि थोडं टोचणारं.
दीडशेव्या मीटरला जाऊन उभा राहिलो,
टाच दाबली.
पुन्हा दाबली.

खोटं बोलू नये. मला काहीच कळलं नाही.

"कल आना," गुल रहीम म्हणाला,
चपला पायात सरकवत.
"आज रात इधर पानी नहीं छोडेगा.
ऊंट को मैं बोल देगा."