चूल

पत्र्याची शेड. शारजा, इंडस्ट्रियल एरिया तेरा.
पाटी दुसऱ्याच कुणाच्या नावाची,
खाली पुसट अक्षरांत: सोफा रिपेरिंग.
मंगळवारी आणि शनिवारी मी इथे असते.
वय सेहेचाळीस. नाकावर चाळिशी,
तिच्यावर भुशासाठी प्लास्टिकचा दुसरा चष्मा.

उस्ताद नसरुल्ला स्वातचे.
पहिल्याच दिवशी माझा सांधा हलवून म्हणाले,
बाजी, चूल ढीली है. चूल बिठाओ.
मी इकडेतिकडे बघितलं. चूल?
ती तर मी घरी बंद करून आले,
सिलिंडरचा कॉक दोनदा तपासून.
ते हसले नाहीत. लाकडाची जीभ दाखवली,
एका तुकड्यातून निघालेली,
दुसऱ्याच्या खाचेत घट्ट जाणारी.
हिला ते चूल म्हणतात.
एवढी वर्षं या एका शब्दापुढे उभी होते
आणि त्याला मागून दार आहे
हे कुणी बोललंच नव्हतं.

आधी मी रत्नागिरीला, नगर भूमापनात,
नकाशे काढायचे.
साहेब म्हणायचे, तारकर बाईंच्या रेघेवर
खुशाल कोर्टात भांडा.
मग लग्न, मग व्हिसा.
व्यवसायाच्या रकान्यात: गृहिणी. कामास परवानगी नाही.
वाचून खूप हसले होते तेव्हा.
हाताला कणीक होती.

लेक आता हॅलिफॅक्सला.
रात्री व्हिडिओवर म्हणते, आई, बोटं दाखव.
मी पट्टीचं बोट मागे घेते,
ती प्रगतिपुस्तक घ्यायची तसं.

ऑगस्टात या शेडमध्ये सगळेच निथळतात,
त्यामुळे माझ्या अंगातून मध्येच उसळणारी आग
कुणाला वेगळी ओळखू येत नाही.
बरं आहे. घरी एसीत
ती फार एकटी पडायची.

चार महिन्यांनी खुर्ची झाली.
पॅलेटचं लाकूड, पाठीवर अजून
'ही बाजू वर' सांगणारा बाण.
तो मी घासून काढला नाही.
मागचा डावा पाय किंचित आखूड.
भूमापनातली बाई, आणि पाय आखूड!
नवरा बसला, डुलला, म्हणाला,
छान आहे. पण विकत कोण घेणार?

खालच्या मजल्यावरच्या सिल्व्हियाने घेतली.
बँकेने नारळ दिल्यावर
एकोणपन्नासाव्या वर्षी तिने सेलो धरलाय;
सगळी बिल्डिंग सोसते आहे.
म्हणाली, अशीच राहू दे, मला डुलणारीच हवी.

परवा टायपिंग सेंटरमध्ये लायसन्सचा फॉर्म भरायला गेले.
काउंटरमागचा पोरगा, मान खाली:
मॅडम, प्रोफेशन?
सुतार, म्हटलं.
त्याने मान वर केली. माझ्या मागे बघितलं.
तिथे कुणी नव्हतं.
मग पडद्यावरची यादी
खाली, अजून खाली सरकवत राहिला.
मी उभी. पिशवीत गुण्या,
नखांत भुसा.
थांबा, म्हणाला,
असेल इथेच कुठेतरी.