दोषाचा रकाना

म्हापशात, बाजारामागच्या अरुंद जिन्यावर,
सुक्या मासळीचा वास ज्या खिडकीतून आत येतो
तिथे सांतान रिबेलो विम्याची कामं बघतात.
खुर्चीच्या टोकाशी बसलो होतो मी,
घरून सगळं पाठ करून:
वेग चाळीसचा. रस्ता कोरडा.
अस्नोड्याच्या वळणावर खडीचा ट्रक उभा,
मागचा दिवा बंद.

रिबेलोंनी चष्मा कपाळावर ढकलला.
"चूक कोणाची ते मला नको.
ह्या कलमाखाली ते कोणी विचारत नाही.
गाडी होती, विमा चालू होता,
माणूस आत बसला होता, त्याला लागलं.
पुरे."

मग छापील ओळींवरून बोट फिरवत गेले.
मरण आलं तर पाच लाख.
गंभीर इजा झाली तर अडीच.
एका डोळ्याची नजर कायमची गेली
तर ती गंभीरच, तिथे घासाघीस नाही.
"आणि जास्त हवे असले तर?"
"तर मग चूक सिद्ध करा.
दुसरं कलम, दुसरं दार, वर्षं किती ते देवाक खबर.
आणि हे घेतलंत, की ते दार बंद."

मी पेन घेतलं.
नाव गुरुदास. वय एक्केचाळीस.
धंदा शिंपी, डिचोलीत, शाळांचे गणवेश.
इजा: उजवा डोळा.
पुढे मी लिहिलं: भाऊ.
रिबेलो वाकून बघत म्हणाले,
"असा रकानाच नाही ओ,
तुम्ही समासात लिहिलंत."

पाठ केलेलं तसंच राहिलं तोंडात,
ताप उतरल्यावर उरलेल्या गोळीसारखं.
आणि पाठ न केलेलं
म्हणजे हे:
की आम्ही काजूच्या बागेवरून भांडत होतो,
वरचा तुकडा कुणाचा, झर कुणाच्या वाट्याला,
तो काहीतरी बोलला,
आणि उत्तर द्यायला मी वळून
त्याच्याकडे पाहिलं.
डोळ्यात डोळा घालून.
दोन सेकंद असतील.
ट्रक आपल्या जागी होता.

बांबोळीच्या वॉर्डात सुरंगा वहिनीने
एकदाच विचारलं, "झालं कसं?"
गुरुदास पट्टीखालून म्हणाला, "ट्रक."
एवढंच. मी खिडकीतून
बाहेरच्या कपड्यांच्या दोऱ्या मोजत राहिलो.

पैसे आले. जूनमध्ये, अर्ध्या दिवसात आल्यासारखे,
बँकेचा मेसेज, आणि त्याने नवीन मशीन घेतलं,
पायाने न चालवायचं.
सुई ओवताना आता डोकं तिरकं करतो,
कुणी हाक मारल्यावर कोंबडा करतो तसं.
गणवेशाच्या कॉलरी पूर्वीसारख्याच सरळ.

कायद्याचं मला पटतं. खरंच पटतं.
दुखणाऱ्याला आधी औषध, पंचायत मागाहून,
माझ्यासारखा भाऊ कोर्टात उभा राहून
शपथेवर काय बोलला असता कुणास ठाऊक.
पण रात्री मला तो रकाना दिसतो
जो छापायचा राहून गेला.
त्यात एकच शब्द मावेल एवढी जागा,
आणि पेन माझ्याच हातात.

बागेचं काय, विचाराल तर
ती तशीच आहे, दोन्ही तुकडे,
बिया गोळा करायला आम्ही दोघंही जातो.
मागच्या रविवारी मी म्हणालो,
"गुरू, मागे बस, ऐसपैस."
"असूं दी रे," म्हणाला,
आणि नेहमीसारखा पुढे बसला, डाव्या सीटवर.

मी गाडी चालवतो.
त्याचा गेलेला डोळा माझ्या बाजूला असतो.
मला बघावं लागू नये म्हणून तो तिथे बसतो
की मी त्याच्याकडे निर्धास्त बघावं म्हणून,
अजून विचारलेलं नाही.
मी रस्त्याकडे बघतो.