खोक्याचे पैसे

बसा त्सियालाबाई, त्या टायरवर बसा, कोरडा आहे.
गाडी वर टांगलीय, घाई केली म्हणून खाली येणार नाही.
हे बघा, ब्रेक पॅडचे तीन जोड. तिन्ही तुमच्याच चाकांचे.
हा तीनशे ऐंशी लारी. हा एकशे दहा.
आणि हा चाळीस. याला नाव नाही,
याच्या आईबापांचा पत्ता मला विचारू नका.

तुम्ही आधी खोक्याला हात लावलात.
सगळेच लावतात.
गुळगुळीत खोका, कोपऱ्यात चकाकता शिक्का,
तिरका धरला की रंग बदलतो.
त्या खोक्याचेही पैसे असतात, बाई,
पण चाकात खोका बसत नाही.

एक गुपित सांगतो, आमच्या एलियावा बाजारात ते गुपितही नाही:
हा मधला आणि हा महागडा
कधी कधी एकाच भट्टीतून निघतात.
इथे, कडेला, नखाने चाचपा.
कंपनीचं नाव होतं तिथे, घासून काढलंय.
नाव खरवडलं की किंमत तिसऱ्या हिश्शावर येते.
माणसांचं असं करता आलं असतं
तर आमच्या गल्लीतले बरेच जण परवडले असते.

कधी कधी, म्हटलं मी. नेहमी नाही.
त्या 'नेहमी नाही'वरच माझं दुकान चालतं.

बंपरचं म्हणाल तर बंपर नकोच.
तिबिलिसीत कितीतरी गाड्या
पुढचे दात पडल्यासारख्या हिंडतात,
कुणाचं काही अडत नाही.
आरसा भंगारातला घ्या,
अमेरिकेत कुणीतरी ठोकलेल्या गाडीचा,
त्यातही मागचा रस्ता इथलाच दिसतो.
दाराची मूठ, वायपर, दिव्याची काच,
चाळीसवालं खुशाल चालेल.
पण तुम्ही दर शनिवारी घाट ओलांडता, आईकडे.
चढायला इंजिन असतं.
उतरायला एवढंच असतं,
तळहाताएवढं.

मागच्या फेब्रुवारीत वाझाला मी ओरिजिनल दिला.
ओरिजिनलच, शिक्क्यासकट, रंग बदलणाऱ्या.
पूर्ण पैसे घेतले, वर कॉफी पाजली.
गुदौरीच्या खालच्या वळणावर
पॅडचा थर पत्र्यावरून सुटला,
चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा.
गाडी खडीच्या ढिगात घुसली,
म्हणून मनगटावर भागलं.
तो आला तेव्हा भांडला नाही.
नुसता तो खोका आणून ठेवला या टेबलावर,
आत तुकडे, नीट रचलेले.
मी शिव्यांची तयारी करून उभा होतो,
त्या तशाच राहिल्या.
खोका अजून आहे, तो बघा, वर. खिळे ठेवतो त्यात.

तेव्हापासून मी माल हुंगतो.
कानशीने कोपरा घासतो, हातावर तोलतो,
पत्र्यावर वाजवून कान लावतो,
गिऱ्हाईक हसतं. हसू दे.

तर मधला घ्या. एकशे दहाचा.
हा ज्याने दिला त्याचं घर मला ठाऊक आहे,
रुस्तावीत, दुसरा मजला, निळं दार,
बोंब मारायची तर जागा आहे.
महागड्याचं दार कुठे ठोठावणार,
समुद्रापलीकडे?
आणि पावतीवर माझं नाव लिहितो,
नुग्झार, पुढे आडनाव, पुढे फोन.
घासून निघणार नाही अशा शाईने.

काय?
माझ्या गाडीत कुठला आहे?

माझी गाडी दोन वर्षं विटांवर उभी आहे, बाई.
अल्टरनेटर हवाय.
ओरिजिनलच घालीन म्हणून हटून बसलोय.
शेजारणीची कोंबडी मागच्या सीटवर अंडी घालते,
मी बसने येतो.