उधार बंद

परभणीत, जिंतूर रोडला, मुनाफभाईकडून
बंद पडलेल्या सलूनचा आरसा आणला.
तीनशे ऐंशीला. शंभर द्यायचे राहिलेत.

कोपऱ्यात लाल पेंटनं: उधार बंद.
मंजूषाला ते येता-जाता टोचायलं.
रॉकेल लावलं, ब्लेडनं खरवडलं,
‘उ’ तेवढा निघाला.
आता नुसतं: धार बंद.

खालच्या टाकळकर काकू घर बघायला आल्या,
शाळेच्या जुन्या बाकावर टेकल्या
(तोही मुनाफभाईचाच, एक पाय विटेवर),
वाचून म्हणाल्या,
“नळाचं बरं ठाऊक याला. आज नववा दिवस.”

रात्री अडीचला पाइप खाकरला.
हंडे, बादल्या, कुकरसुद्धा भरून
ओल्या पायांनी थांबलो आरशापुढं.

दोघंही मावलो.