दोन मिनिटांची हवा

ताळगावच्या पठारावर, तळमजल्याच्या खोलीत
सोनेरी ताटल्यांची उतरंड छताला उलटी टांगलीय.
सगळ्यात खालच्या ताटलीवर
पोह्याएवढी माझी चिप.
तिथली थंडी अशी, की तिच्यापुढे
ताऱ्यांमधला अंधार ऊबदार म्हणावा.
धातूने विरोध करणं सोडून दिलंय.
आणि तरी कुणीतरी कुरकुरतंय.

तीन महिने तेच.
सावकाश ऐकलं तर जास्त, घाईत ऐकलं तर कमी,
चुंबकी कुरकुर; क्युबिटची लय
दर वेळी थोडी ढळते.

बाबा रासईच्या गोदीत बार्जी खरवडायचे.
अंघोळ झाली तरी कानामागे गंज उरायचा.
म्हणायचे, "लोखंडाला वारं लागतं गो."
मी त्यांना सांगितलं, माझा गंज दिसतसुद्धा नाही,
ॲल्युमिनियमवरचा, पाच-सात अणूंच्या जाडीचा,
आणि तो मी मुद्दाम धरवते.
दोन थरांमध्ये तो नसेल
तर यंत्र कसलं, नुसता पत्रा.
ते हसले. "म्हणजे तू गंज पाळतेस."

पुस्तक म्हणतं, हा ऑक्साईड चुंबक नव्हे.
मग त्याच्या कातडीवर कोण बसलंय?

कायतानच्या वहीत सापडलं. हेलियमच्या हिशेबाखाली,
तिरक्या अक्षरात:
चिप नेताना वीज गेली. झाकण दोन मिनिटं उघडं.

ऑक्सिजन.
हाच, आपला. पोदेराच्या भोंप्यातून पहाटे वाजणारा,
झुआरीवरून खारट होऊन येणारा.
ज्याचा प्रत्येक रेणू म्हणजे एक इवलीशी होकायंत्राची सुई.
हजारो सुया फिल्मवर चिकटून बसलेल्या,
गोठूनही स्वस्थ नाहीत,
एक वळली की शेजारची वळते.

आम्ही पेटी तापवली. चार दिवस पंप चालू ठेवला.
कुरकुर अर्ध्यावर आली.
उरलेली अर्धी कुणाची, ते अजून माहीत नाही.
ऑक्साईडच्याच कडेला अडकलेले एकटे इलेक्ट्रॉन असतील,
किंवा पाणी. इथे पाणी कुठे नसतं?

आता चिप घेऊन कॉरिडॉरमधून जाताना
मी श्वास रोखून धरते.
त्याने काही होत नाही, हवा सगळीकडे आहेच.
कायतान विचारतो, ही खोड कुठून लागली?

बार्जीच्या पोटाखाली हातोडा उचलताना
बाबा ओठ घट्ट मिटायचे,
पापुद्रे तोंडात जाऊ नयेत म्हणून.